उंबरठ्याबाहेरचा वैद्य : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी नांदेड, बासर करीत आपल्या मंचेरियलजवळून वाहते, पुढे प्राणहितेचे पाणी पोटात घेते आणि राजमहेंद्रीच्या खाली अनेक मुखांनी सागराला मिळते. या मुखांच्या सुपीक प्रदेशात भीमवरम हे गाव आहे. तेथे १२ जानेवारी १८९५ रोजी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. आपल्या गावाला पाणी देणाऱ्या नदीच्याच काठचा हा पुरुष. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली औषधे आज घरोघरी पोचली आहेत; पण त्यांचे नाव मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांच्या चरित्रात वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, आणि खरे तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने, विचार करावा असा एक प्रश्न दडलेला आहे. नावापुढच्या अक्षरांवर माणसाची योग्यता किती ठरते, आणि ती अक्षरे उणी असली की कोणती दारे बंद होतात, हा तो प्रश्न.

सुब्बाराव सात भावंडांतील एक. वडील महसूल खात्यात साधे नोकर. प्रकृतीच्या कारणाने त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले आणि घरात ओढाताण सुरू झाली. मुलाचे चित्तही अभ्यासात फारसे रमेना. तेराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवावेत अशा बेताने घरातून निघून गेला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आईने त्याला परत आणले आणि पुन्हा शाळेत बसविले. पुढे वडील वारले, तरी त्या माउलीने अंगावरचे दागिने मोडून मुलाचे शिक्षण चालू ठेवले. मॅट्रिकची परीक्षा पास व्हायला सुब्बारावांना तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला ते मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून उत्तीर्ण झाले. हुशार मुलांच्या यादीत त्यांचे नाव त्या वेळी कोणी घातले नसते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी इंटर केले. गणिताची गोडी होती. त्याचबरोबर रामकृष्ण मिशनचे आकर्षणही होते. संन्यास घ्यावा असे मनात होते, पण मिशनमधील मंडळींनी वैद्यक शिकून रुग्णसेवा करण्याचा सल्ला दिला. अशा रीतीने ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने उष्ण कटिबंधातील स्प्रू या रोगाने गेले. या रोगात आतड्यांना अन्नातील सत्त्व शोषून घेता येत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि रोगी वाळत जातो. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

कॉलेजची वर्षे असहकाराच्या चळवळीच्या वातावरणातली होती. सुब्बाराव खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचा झगासुद्धा त्यांनी खादीचा शिवून घेतला. शल्यशास्त्राचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत सुब्बारावांनी चांगले गुण मिळविले होते, तरी त्यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही. त्याऐवजी एल.एम.एस. ही कमी प्रतीची समजली जाणारी पात्रता त्यांच्या वाट्याला आली. अभ्यास तोच, रोगी तेच, गुरू तेच. नावापुढची अक्षरे मात्र वेगळी.

आजच्या विद्यार्थ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. त्या काळी तो तसा नव्हता. इंग्रजी अमदानीत पदवीधर डॉक्टर आणि ‘लायसेन्शिएट’ डॉक्टर असे दोन वर्ग पडले होते. सरकारी नोकरीतील वरच्या जागा पहिल्या वर्गासाठी आणि खेडोपाडीचे दवाखाने बहुधा दुसऱ्या वर्गासाठी, असा रिवाज होता. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने तर लायसेन्शिएटांना आपल्या कक्षेबाहेरच ठेवले. सर्व देशात डॉक्टरांसाठी एकच पदवी असावी, ही शिफारस भोर समितीने १९४६ साली केली. तोवर हजारो डॉक्टरांनी आपले सारे आयुष्य त्या दोन अक्षरी भेदाच्या खालच्या बाजूला काढले होते.

सुब्बारावांनी मद्रास मेडिकल सर्व्हिसमध्ये जागा मिळविण्याचा प्रयत्न केला. तो फसला. मग डॉ. लक्ष्मीपती यांच्या मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्राचे अध्यापन पत्करले. आधुनिक वैद्यक शिकलेल्या माणसाने आयुर्वेदाच्या शाळेत शिकवावे ही गोष्ट तेव्हाच्या डॉक्टर मंडळींना कमीपणाची वाटे. सुब्बारावांना मात्र तेथे विचार करायला अवकाश मिळाला. वनौषधींचे गुण आधुनिक रीतीने तपासून पाहावेत, अशी ओढ त्यांना लागली. त्यासाठी परदेशी जाऊन शिकणे आवश्यक होते. १९१९ साली त्यांचा विवाह झाला होता. सासरे आणि काकीनाड्याचा एक धर्मादाय न्यास यांच्या मदतीने प्रवासखर्चाची तरतूद झाली, आणि २६ ऑक्टोबर १९२२ रोजी ते बोस्टन शहरी उतरले. हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्ण कटिबंधीय रोगांच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला होता.

येथे थोडे थांबून वैद्यकाची एक रीत समजून घेतली पाहिजे. डॉक्टर केवळ परीक्षा देऊन घडत नाही. पदवीनंतर काही वर्षे त्याने मोठ्या रुग्णालयात अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली, रात्रंदिवस रोग्यांच्या सान्निध्यात काढावी लागतात. प्रथम इंटर्न, मग निवासी डॉक्टर. ताप कशाने आला, हृदय का थकले, रक्त का आटले हे ओळखण्याची विद्या, म्हणजेच अंतर्गत वैद्यक, त्या वॉर्डातच अंगी मुरते. म्हणून पदवीइतकीच, कधी कधी पदवीहून अधिक, किंमत रुग्णालयातील त्या जागेला असते. जागा मोजक्या असतात, मागणारे पुष्कळ. आणि निवड करणारे सर्वांत आधी पाहतात ते उमेदवार कोणत्या शाळेचा आणि त्याच्यापाशी कोणती पदवी आहे हे.

सुब्बारावांपाशी मद्रासचे एल.एम.एस. होते. अमेरिकेत वैद्यकी करण्याचा परवाना नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती. शिवाय देशही अनुकूल नव्हता. ते बोस्टनला पोचल्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिला. फी भरायची आणि पोट भरायचे तर काम हवे. ते मिळाले पीटर बेंट ब्रिगॅम या रुग्णालयात, रात्रपाळीचे. हे हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना शिकविणारे नामांकित रुग्णालय. पण सुब्बाराव तेथे डॉक्टर नव्हते. रोग्यांच्या चादरी बदलणे, मलमूत्राची भांडी धुणे ही त्यांची कामे. ज्या वॉर्डात त्यांच्याच वयाचे तरुण इंटर्न गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून फिरत, त्याच वॉर्डात हा शिकलेला डॉक्टर हातात भांडे घेऊन वावरत होता. दिवसा वर्ग, रात्री वॉर्ड. उष्ण कटिबंधीय रोगांची पदविका त्यांनी मिळविली ती अशा रीतीने.

रुग्णालयाचे दार डॉक्टर म्हणून उघडेना, तेव्हा ते जीवरसायनशास्त्राकडे वळले. हार्वर्डच्या वैद्यक शाळेत सायरस फिस्के यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे हे झटपट व अचूक मोजण्याची रीत शोधणे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न. तोवरच्या रीती वेळखाऊ होत्या आणि नमुनाही पुष्कळ लागे. फिस्के आणि सुब्बाराव यांनी फॉस्फेटचा मॉलिब्डेटशी संयोग घडवून, त्यात योग्य ते द्रव्य मिसळून निळा रंग आणला. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. रंगाची तुलना करून आकडा काढायचा, इतकी सोपी रीत. ती १९२५ साली प्रसिद्ध झाली आणि फिस्के–सुब्बाराव पद्धत या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. जीवरसायनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ती आजही शिकावी लागते.

या साध्या साधनाने एक मोठे गुपित उघड केले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला शक्ती कोठून मिळते, याचे उत्तर लॅक्टिक आम्लात आहे असे तेव्हा मानले जाई. त्याच विषयावरील कामाबद्दल हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. फिस्के आणि सुब्बाराव यांना स्नायूत फॉस्फरसचे एक अस्थिर संयुग आढळले. श्रम केले की ते मोडते, विसावा मिळाला की पुन्हा जुळते. हे फॉस्फोक्रिएटिन. हा शोध त्यांनी १९२७ साली जाहीर केला. पुढे १९२९ साली त्यांनी आणखी एक संयुग वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते शोधले. त्याचे नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच ए.टी.पी. प्रत्येक जिवंत पेशी आपली शक्ती ज्या नाण्यात साठवते आणि खर्च करते, ते हे नाणे. आज ज्युनियर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याच्यावाचून पान हलत नाही. १९३० साली सुब्बारावांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली.

तरीही हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. कामाचे श्रेयही पुरते पदरात पडले नाही. त्या काळी हार्वर्डमध्ये शिकणारे आणि पुढे १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉर्ज हिचिंग्स यांनी नंतर लिहून ठेवले की, सुब्बारावांनी वेगळी केलेली काही द्रव्ये फिस्के यांच्यामुळे वेळीच प्रकाशात आली नाहीत आणि इतरांना ती पुन्हा शोधावी लागली. सुब्बाराव मात्र याबद्दल तक्रार करीत बसले नाहीत. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. पुढची आठ वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्याचा कळस होय.

रक्तक्षयाचा एक प्रकार मुंबईच्या वैद्यकाला आधीपासून परिचित होता. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ च्या सुमारास मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. यीस्टमधील तो गुणकारी घटक कोणता, हे मात्र कळले नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळालेल्या एका द्रव्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. १९४५ साली सुब्बारावांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्याची रचना निश्चित केली. विल्सबाईंचा घटक तो हाच. आणि स्प्रू झालेल्या रोग्यांना ते दिले तेव्हा रोगी सुधारू लागले. मद्रासच्या दिवसांत ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्या रोगावरचे औषध त्याच घरातल्या मुलाच्या हाताखाली तयार झाले. आज आपल्याकडील उपकेंद्रांत गर्भवती स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, त्यामागे ही कथा आहे.

फॉलिक आम्लावरून दुसरी वाट निघाली. पेशी वाढायला ते लागते, मग कर्करोगाच्या बेफाम वाढणाऱ्या पेशींना त्याच्याऐवजी त्याच्यासारखेच दिसणारे पण निरुपयोगी द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने ॲमिनोप्टेरिन हे असे द्रव्य तयार केले. बोस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी जाहीर केले की, सोळा मुलांपैकी दहा जणांचा रोग काही काळ मागे हटला. या रोगाने तोवर मुले आठवड्यांत दगावत असत. याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोगात आणि संधिवातात वापरले जाते.

तिसरे औषध तर आपल्या भागाशी फार जवळचे. हत्तीरोग, तेलुगू भाषेत बोदकालू, हा डासांमुळे पसरणारा रोग आंध्र-तेलंगणात आणि प्राणहितेपलीकडच्या चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पांगळे करीत आला. डायइथाइलकार्बामॅझीन हे त्यावरचे औषध लेडर्लेच्या प्रयोगशाळेतून १९४७ साली पुढे आले. २००४ पासून देशभर हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन ज्या गोळ्या वाटल्या, त्या याच औषधाच्या. चौथे औषध ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविक. ते बेंजामिन डगर यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळविले. डगर निवृत्तीचे वय ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्या वयातल्या माणसाला सुब्बारावांच्या विभागाने काम करू दिले, हेही सांगण्याजोगे आहे. दार बंद होणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक असते त्याच्या हाती दार आले की तो ते उघडे ठेवतो.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच हृदयविकाराने सुब्बाराव वारले. सव्वीस वर्षे ते परदेशात राहिले आणि मायदेशी परत आलेच नाहीत. ते गेल्यावर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच वारला. त्याचे तोंडही त्यांना पाहता आले नाही. पत्नीने वाट पाहण्यातच तारुण्य घालविले. भारताच्या टपाल खात्याने १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. त्यांच्या यशाचे वर्णन करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

बंद दाराची ही कथा केवळ सुब्बारावांची नाही. ते अमेरिकेत होते त्या काळात त्या देशातच जन्मलेला आणि तेथेच शिकलेला डॉक्टरांचा एक वर्ग बाहेर उभा होता. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपथीची शाळा काढली. हाडे आणि स्नायू यांच्या हाताने केलेल्या उपचारावर भर देणारी ती पद्धत. पुढे या शाळांनी औषधे, शस्त्रक्रिया, सारे आधुनिक वैद्यक शिकवायला घेतले. पण पदवी एम.डी. नव्हे, डी.ओ. म्हणून मोठ्या रुग्णालयांचे दरवाजे त्यांना बंद राहिले. त्यांनी आपली वेगळी रुग्णालये आणि वेगळी निवासी प्रशिक्षणे उभारली. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांची चणचण असतानाही लष्कराने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही. ते दार १९६६ साली उघडले. दोन्ही प्रकारच्या पदवीधरांसाठी निवासी प्रशिक्षणाची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली ती २०२० साली. आता डी.ओ. चा विद्यार्थी एम.डी. च्या विद्यार्थ्याबरोबर एकाच यादीत उभा राहतो, आणि अंतर्गत वैद्यकातील जागा त्यांच्यातील पुष्कळांना मिळतात. नामांकित रुग्णालयांत मात्र अक्षरांचा पूर्वग्रह अजून पुरता गेलेला नाही. एक भेद पुसायला त्या प्रगत देशाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आपल्या गावी २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील मुले-मुली उद्या पदव्युत्तर जागांसाठी देशभरच्या विद्यार्थ्यांशी स्पर्धा करतील. जुन्या, नामवंत कॉलेजांच्या विद्यार्थ्यांपुढे नव्या गावच्या कॉलेजचे नाव सांगताना काहींचा आवाज खाली येईल. आयुर्वेद, होमिओपथी, परिचर्या शिकणाऱ्यांना तर हा अनुभव नेहमीचाच. त्यांना सुब्बारावांचे नाव सांगून धीर देणे सोपे आहे, पण तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंद दारापुढून वळून दुसरी वाट काढणारा सुब्बाराव एखादाच. त्या दारापुढे उमेद हरवून बसलेल्यांची गणती कोणी केलेली नाही. आणि ज्याला वाट सापडली त्यालाही तिची किंमत घरादाराने चुकवावी लागली.

म्हणून या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. जो दाराबाहेर आहे त्याने आपल्या हातातले साधन धारदार करावे. फॉस्फरस मोजण्याची एक साधी रीत पुरेशी ठरली आणि तिने स्नायूंचे गुपित उघड केले. आणि जो दाराच्या आत आहे, उद्या ज्याच्या हाती निवडीची यादी येणार आहे, त्याने उमेदवाराच्या नावापुढची अक्षरे वाचून झाल्यावर त्याचे काम पाहण्याइतके क्षणभर थांबावे. रात्रपाळीला भांडी धुणारा तो माणूस कोण आहे, हे ब्रिगॅमच्या वॉर्डात कोणी विचारले नाही. आपण विचारावे.